ओल्या रिळांचा चित्रपट : ‘स्टार ट्रेक’चे चाहते आणि त्यांची प्रतीक्षा

६ डिसेंबर १९७९ रोजी वॉशिंग्टन शहरात ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. चित्रपटाची प्रत दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी स्वतःबरोबर आणली होती आणि ती प्रयोगशाळेतून निघाली तेव्हा अजून ओली होती, असे सांगतात. वाइज हे काही नवखे दिग्दर्शक नव्हते. ‘सिटिझन केन’चे संकलन त्यांनी केले होते, ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘द साउंड ऑफ म्यूझिक’ या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर मिळाले होते. ज्याची कारकीर्दच संकलनाच्या टेबलावर सुरू झाली, त्या माणसाला स्वतःचा चित्रपट नीट संकलित करायला उसंत मिळाली नाही. सामान्य प्रेक्षकांसमोर एखादा चाचणी-खेळ लावावा आणि त्यांच्या प्रतिसादावरून कातरकाम करावे, हा त्यांचा शिरस्ता. या वेळी तोही पाळता आला नाही. हा चित्रपट अपुरा राहिला, असे ते पुढे अनेक वर्षे म्हणत राहिले.

घाईचे कारण व्यावहारिक होते. त्या काळी अमेरिकेत चित्रपटगृहांचे मालक चित्रपट न पाहताच त्यासाठी बोली लावत आणि आगाऊ हमी देत. ७ डिसेंबर ही तारीख त्यांना कबूल झाली होती. ती चुकली असती तर पॅरामाउंट स्टुडिओवर दाव्यांची रांग लागली असती. विशेष दृश्यपरिणामांचे काम ज्या संस्थेकडे दिले होते तिच्याकडून ते झाले नाही. मग डग्लस ट्रम्बुल आणि जॉन डायक्स्ट्रा यांना बोलावून अखेरच्या काही महिन्यांत रात्रंदिवस काम करून घेतले गेले. १९७८ च्या मार्चमध्ये चित्रपटाची घोषणा झाली तेव्हा खर्चाचा अंदाज दीड कोटी डॉलरचा होता. शेवटी तो सुमारे साडेचार कोटींच्या घरात गेला. या आकड्यात आधी सोडून दिलेल्या प्रकल्पांचाही खर्च धरलेला होता.

हे सगळे चित्रपटसृष्टीच्या इतिहासात नोंदलेले आहे. मला येथे रस आहे तो त्या दिवशी पडद्यासमोर बसलेल्या माणसांत. दूरचित्रवाणीवरची मालिका ३ जून १९६९ रोजी संपली होती. तेव्हापासून साडेदहा वर्षे हे लोक वाट पाहत होते. आणि त्यांनी ती मुकाट्याने पाहिली नव्हती. आपल्याला काय हवे आहे, काय नको आहे, पुढे काय घडावे, हे त्यांनी पानेच्या पाने लिहून ठेवले होते.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी ही गोष्ट मोलाची आहे. १९६७ साली कोन्स्टान्स विद्यापीठातील व्याख्यानात हान्स रॉबर्ट याउस यांनी ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही कल्पना मांडली. कृती जन्माला येते तेव्हा वाचकाच्या मनात आधीच काही अपेक्षा असतात, आणि कृतीचा इतिहास लिहायचा तर त्या अपेक्षांशी तिचे नाते तपासावे लागते, असा त्यांचा आग्रह होता. अडचण एवढीच की हे क्षितिज बहुधा कृतींवरूनच अनुमानाने काढावे लागते. तेराव्या शतकातील श्रोत्याने कीर्तनाला जाताना मनात काय धरले होते, हे त्याने कुठे लिहून ठेवलेले नसते. योगायोग असा की ज्या वर्षी याउस हे बोलत होते, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये काही तरुण स्त्रिया सायक्लोस्टाइल यंत्रावर नेमके असे एक क्षितिज छापत होत्या.

त्या अंकाचे नाव ‘स्पॉकानालिया’. केवळ ‘स्टार ट्रेक’ला वाहिलेले हे पहिले हौशी नियतकालिक. आपल्याकडेही साठच्या दशकातील काही लघुअनियतकालिके अशाच यंत्रावर निघत. शाईने माखलेली बोटे आणि तिरक्या ओळी यांचे साम्य मात्र तेवढ्यापुरतेच. आपल्याकडच्या त्या अंकांचा सूर प्रस्थापित साहित्य मोडून टाकण्याचा होता. या अमेरिकन मुलींचा सूर एका प्रस्थापित कंपनीने निर्माण केलेले जग तिच्यापेक्षाही मनापासून सांभाळण्याचा होता. स्पॉक या अर्ध्या व्हल्कन, अर्ध्या मानव पात्राच्या मनोव्यापाराची चर्चा, व्हल्कन ग्रहावरील विवाहपद्धती, भाषा, शरीररचना, अशा विषयांवर गंभीर लेख त्यात येत. कविता येत, कथा येत. पहिल्या अंकात स्पॉकची भूमिका करणाऱ्या लिओनर्ड निमॉय यांचे पत्र होते. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी तर आपल्या कचेरीतील मंडळींना हा अंक वाचणे आवश्यक असल्याचे संपादिकांना कळवले होते. त्यात खुशामत किती आणि खरे किती हे सांगणे कठीण, पण निर्माता चाहत्यांच्या अंकाला उत्तर देतो ही गोष्ट त्या काळात नवी होती.

मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली होती. प्रेक्षकसंख्येच्या मोजणीत ती कधीच फार वर नव्हती. १९६७ च्या अखेरीस ती बंद होणार अशी वार्ता पसरली आणि बीजो ट्रिंबल व त्यांचे पती जॉन यांनी पत्रमोहीम उभारली. या मोहिमेची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. एकच मजकूर छापून त्यावर सह्या घेऊ नयेत. प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपल्या हाताने वेगळे पत्र लिहावे. प्रत्येकाने आणखी दहा जणांना लिहायला सांगावे आणि त्या दहांनी पुन्हा दहांना. १९६८ च्या जानेवारीत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे विद्यार्थी मशाली घेऊन बरबँक येथील एनबीसीच्या कार्यालयावर चालून गेले. वाहिनीने सांगितलेला पत्रांचा आकडा एक लाखाहून अधिक होता. १ मार्च १९६८ रोजी एका भागाच्या शेवटी निवेदकाने मालिका पुढे चालू राहील असे जाहीर केले, आणि कृपया आता पत्रे पाठवू नका, अशी विनंतीही केली.

ही गोष्ट चाहत्यांच्या इतिहासात पुराणकथेसारखी सांगितली जाते. तिला एक पदर आहे, जो पुराणकथेत सहसा येत नाही. मालिकेच्या निर्मितीत असलेले हर्बर्ट सोलो आणि रॉबर्ट जस्टमन यांनी १९९६ साली लिहिलेल्या पुस्तकात, या मोहिमेमागे खुद्द रॉडनबेरी यांची फूस आणि पैसा होता असे सांगितले. म्हणून पत्रे खोटी ठरतात का? मला तसे वाटत नाही. ठिणगी कोणीही टाकलेली असो, एक लाख माणसांना हाताने पत्र लिहायला कोणी पैसे देऊन लावू शकत नाही. पण चाहत्यांचा उत्साह हे निर्मात्याच्या हातचे हत्यारही असू शकते, हे येथेच प्रथम दिसले. आणि विजय तसा पोकळच निघाला. तिसऱ्या वर्षी मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली; तरुण प्रेक्षक घरी असण्याची सर्वांत कमी शक्यता असलेली वेळ. रॉडनबेरी यांनी दैनंदिन कामातून अंग काढून घेतले. एकोणऐंशी भागांनंतर पडदा पडला.

खरा चमत्कार त्यानंतर घडला. स्थानिक वाहिन्यांनी जुने भाग विकत घेऊन संध्याकाळी, मुले शाळेतून आणि मोठी माणसे कामावरून घरी येण्याच्या वेळेला, रोज दाखवायला सुरुवात केली. मालिका मेल्यानंतर तिचा प्रेक्षक वाढत गेला. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात पहिले मोठे संमेलन भरले तेव्हा संयोजकांची अपेक्षा काही शे माणसांची होती. तीन हजारांहून अधिक आली. आयझॅक असिमोव्ह आले, रॉडनबेरी आले, नासाने प्रदर्शनासाठी साहित्य पाठवले. १९७६ साली नासाच्या पहिल्या स्पेस शटलला ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नाव द्यायचे घाटत होते. पुन्हा पत्रे गेली, या वेळी थेट राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याकडे, आणि यानाचे नाव ‘एंटरप्राइझ’ झाले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथे ते यान कारखान्याबाहेर काढले गेले, तेव्हा मालिकेतील बहुतेक नट समोर उभे होते. कल्पनेतल्या जहाजाचे नाव खऱ्या जहाजाला मिळाले. ते खरे जहाज वातावरणातील उड्डाणचाचण्यांपुरते वापरले गेले, अंतराळात कधीच गेले नाही, हा तपशील मला फार अर्थपूर्ण वाटतो. पण त्याचा अर्थ लावण्याचा मोह मी आवरतो.

या दशकात चाहत्यांच्या लेखनाचा पसारा वाढला. आणि ते लेखन मुख्यतः स्त्रियांचे होते, हे ठासून सांगायला हवे, कारण पुढे ते विसरले गेले. शिक्षिका, ग्रंथपाल, परिचारिका, गृहिणी, विद्यार्थिनी यांनी शेकडो अंक काढले, टपालाने वाटले, एकमेकींच्या कथांवर सविस्तर टीका केली. केवळ कौतुकाचा व्यवहार तो नव्हता. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी एका अंकात छोटीशी विडंबनकथा लिहिली : जहाजावर नुकतीच आलेली, सर्वांत लहान, सर्वांत हुशार, सर्वांची लाडकी मुलगी मेरी सू. लेखिका स्वतःलाच नायिका करून कथेत घुसवते, या खोडीवरचा तो टोला होता. आज ‘मेरी सू’ हा शब्द इंग्रजी समीक्षेत रूढ झाला आहे. तो विद्यापीठातून आलेला नाही, सायक्लोस्टाइलच्या अंकातून आलेला आहे. दुसऱ्या बाजूला १९७४ पासून कर्क आणि स्पॉक यांच्यात मैत्रीपलीकडचे प्रेम कल्पिणाऱ्या कथाही छापल्या जाऊ लागल्या. त्यांवरून चाहत्यांतच कडाक्याचे वाद झाले. काहींना त्या अनाचार वाटल्या, काहींना मालिकेत आधीपासून असलेल्या गोष्टीचा उघड उच्चार.

तेव्हा १९७९ साली चित्रपटगृहात शिरणारा चाहता कोरा नव्हता. त्याच्या, किंबहुना तिच्या, मनात दहा वर्षांत रचलेले एक संपूर्ण वाङ्मय होते. पाच वर्षांची मोहीम संपल्यावर कर्कचे काय झाले, स्पॉक कुठे गेला, मॅकॉय सेवेत परतला का, या प्रश्नांची शेकडो उत्तरे आधीच लिहून झाली होती. कोणताही चित्रपट आला असता तरी तो त्या उत्तरांपैकी एक ठरणार होता, आणि फक्त त्यालाच अधिकृत म्हटले जाणार होते. वादाचे मूळ येथे आहे.

पॅरामाउंटला हे कळले होते का? अर्धवट कळले असावे. आधी ‘प्लॅनेट ऑफ द टायटन्स’ नावाचा चित्रपट करायचे ठरले, तो १९७७ मध्ये रद्द झाला. मग ‘फेज टू’ नावाची नवी दूरचित्रवाणी मालिका ठरली. निमॉय त्यात यायला तयार नव्हते, म्हणून स्पॉकच्या जागी झॉन नावाचा तरुण व्हल्कन कल्पिला गेला. याच सुमारास, मे १९७७ मध्ये, ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला आणि पाठोपाठ नोव्हेंबरात ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. अंतराळात पैसा आहे हे सिद्ध झाल्यावर मालिकेचा पहिला भाग ताणून त्याचा चित्रपट करण्यात आला. कथेतील ही शिवण चित्रपटात स्पष्ट दिसते.

‘फेज टू’साठी निवडलेल्या नव्या पात्रांपैकी दोघे चित्रपटात राहिले : कमांडर डेकर आणि डेल्टा ग्रहावरची नौवाहक इलिया. इलियाची भूमिका करणारी पर्सिस खंबाटा ही मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बंबई रात की बाँहों में’मधून ती पडद्यावर आली होती. भूमिकेसाठी तिने मुंडन केले, आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीत तो मुंडन केलेला चेहरा जगभर झळकला. आपल्याकडे ती बातमी कुतूहलाची आणि थोडी चेष्टेची झाली. भूमिकेकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. इलिया अर्ध्या चित्रपटात मरते आणि यंत्राने घडवलेली तिची प्रतिकृती तिच्या शरीरात वावरू लागते. भावना पुसून टाकलेल्या आवाजात, क्वचित एखाद्या क्षणी स्मृतीची चुणूक दाखवत खंबाटाने हे काम केले आहे. ते तिच्या वाट्याला आलेल्या प्रशंसेपेक्षा बरेच चांगले आहे. शेवटी डेकर आणि इलिया दोघेही यंत्राशी एकरूप होऊन दृष्टीआड होतात आणि जहाजावर राहतात ती जुनीच माणसे. नव्या पिढीने स्वतःला जाळून जुन्यांना जागा करून द्यावी, असा हा विचित्र शेवट आहे. चाहत्यांना नेमके हेच हवे होते का? जुने त्रिकूट हवे होते, हे निश्चित. पण पत्रांत आणि अंकांत ज्या त्रिकुटावर जीव टाकला होता, ते एकमेकांशी भांडणारे, चिडवणारे, काळजी करणारे होते. चित्रपटातला कर्क रुक्ष आहे, स्पॉक थंड आहे, आणि मॅकॉयला बोलायला पुरेसा वेळ नाही. माणसे तीच होती. त्यांच्यातले बोलणे हरवले होते.

आणि तरी ते पाच मिनिटांचे दृश्य. वहनयंत्र बिघडले आहे म्हणून अभियंता स्कॉट कर्कला एका छोट्या यानात बसवून नव्याने बांधलेल्या ‘एंटरप्राइझ’कडे नेतो. जहाज गोदीत उभे आहे. संवाद जवळजवळ नाहीत. जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत चढत जाते आणि कॅमेरा जहाजाभोवती संथपणे फिरतो, जणू देवळाभोवतीची प्रदक्षिणा. समीक्षकांनी या दृश्यावर झोड उठवली : कथा थांबते, काहीच घडत नाही. चित्रपटाच्या इंग्रजी नावातील ‘चलच्चित्र’ या अर्थाच्या शब्दांवर कोटी करून ‘अचल चित्र’ असे टोपणनाव त्याला पडले, आणि ते ठेवण्यात चाहतेही मागे नव्हते. परंतु ज्यांनी दहा वर्षे ते जहाज धूसर, छोट्या पडद्यावर पाहिले होते, त्यांच्यासाठी येथे कथा थांबत नव्हती. त्यांची स्वतःची कथा येथे पूर्ण होत होती. कर्क काचेतून जहाजाकडे पाहतो ते डोळे प्रेक्षकाचेच आहेत. एका प्रसंगात तर चाहते अक्षरशः पडद्यावर आहेत : कर्क सगळ्या खलाशांना एकत्र बोलावतो तेव्हा त्या गर्दीत गणवेश घालून उभ्या असलेल्या माणसांत बीजो ट्रिंबल आणि इतर काही चाहते आहेत. पत्रे लिहून मालिका वाचवणारी बाई शेवटी जहाजावर चढली. संवाद मात्र तिला नव्हता.

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. प्रेक्षक हसतात, ‘साधु’ म्हणून ओरडतात, जागचे उठतात, वस्त्रे-अंगठ्या फेकतात, ती मानुषी सिद्धी. रंगमंडप भरलेला असूनही कसलाही आवाज, क्षोभ, उत्पात होत नाही, ती दैवी सिद्धी. ‘मोशन पिक्चर’च्या पहिल्या दिवसांतील खेळांना जहाज दिसताच, स्पॉक दिसताच टाळ्यांचा गजर झाला, पुढे प्रचंड यांत्रिक मेघाच्या पोटात जहाज शिरल्यावर शांतता पसरली. भरतमुनींना ती दैवी सिद्धी म्हणून सांगता आली नसती. ती कंटाळ्याची शांतता होती.

जुन्या चाहत्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. पृथ्वीवरून सुटलेले एक यान परकी शक्ती मिळवून आपल्या निर्मात्याच्या शोधात परत येते, ही कथा त्यांनी १९६७ सालच्या ‘द चेंजलिंग’ या भागात पाहिली होती. आपल्याला आपल्याच मालिकेची उजळणी करायला लावली, ही तक्रार तेव्हापासून चालू आहे.

तरीही पहिल्या तीन दिवसांतच चित्रपटाने सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर मिळवले आणि अमेरिकेत एकूण आठ कोटींहून अधिक. नाराज झालेले लोक पुन्हा पुन्हा जाऊन पाहत होते. काही जण नापसंतीची नेमकी कारणे शोधण्यासाठी गेले, काही जण त्या पाच मिनिटांसाठी. स्टुडिओने यातून जो धडा घेतला तो आजवर चालू आहे : चाहता रागावला तरी तिकीट काढतो.

याच वर्षी रॉडनबेरी यांनी चित्रपटाची कादंबरी लिहिली, आणि तिच्यात एक तळटीप टाकली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती मुद्दाम पाहावी. स्पॉक आणि कर्क यांच्या नात्यासाठी एक व्हल्कन शब्द योजून, त्याचे मित्र, भाऊ आणि प्रियकर असे तिन्ही अर्थ होऊ शकतात, असे लेखक सांगतो. मग आपण प्रेमिक असल्याची अफवा आपल्या कानावर आली असल्याचे खुद्द कर्कच्या तोंडून वदवून ती हलकेच दूर सारतो, पण पूर्ण मोडून काढत नाही. पाच वर्षांपूर्वी सायक्लोस्टाइलवर सुरू झालेल्या कथांना निर्मात्याने दिलेले हे उत्तर होते. चाहत्यांचे लेखन मूळ संहितेच्या समासातून तिच्या तळटीपेपर्यंत पोचले. मुख्य मजकुरात मात्र ते शिरले नाही.

दुसऱ्या चित्रपटाची कथा वेगळ्या कारणाने बोधक आहे. खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून स्टुडिओने रॉडनबेरी यांना नामधारी सल्लागार केले आणि हार्व बेनेट यांना निर्माता नेमले. बेनेट यांनी मालिकेचे सर्व भाग बसून पाहिले आणि १९६७ सालच्या ‘स्पेस सीड’मधला खान हा खलनायक उचलला. दिग्दर्शक म्हणून आले निकोलस मेयर. ‘स्टार ट्रेक’ त्यांना फारसा ठाऊक नव्हता. पण १९७४ साली त्यांनी ‘द सेव्हन-पर-सेंट सोल्यूशन’ ही कादंबरी लिहिली होती, जिच्यात शेरलॉक होम्सची फ्रॉईडशी गाठ पडते. म्हणजे दुसऱ्याची पात्रे घेऊन लिहिणे काय असते आणि त्या पात्रांचे पहारेकरी कसे असतात, हे त्यांना चांगले माहीत होते. आपण हे लक्षात घेत नाही, पण ‘द रॅथ ऑफ खान’ हा एका अर्थी होम्सच्या चाहत्याने बनवलेला ‘स्टार ट्रेक’ आहे.

निमॉय यांना परत आणण्यासाठी स्पॉकला भव्य मृत्यू देण्याचे आमिष दाखवले गेले. ही वार्ता फुटली. ती रॉडनबेरी यांनीच फोडली असा संशय अनेकांनी व्यक्त केला आहे. चाहत्यांनी या वेळी नुसती पत्रे लिहिली नाहीत, तर व्यावसायिकांच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन, स्पॉक मेला तर पॅरामाउंटचे दोन कोटी ऐंशी लाख डॉलर बुडतील असा हिशेब मांडला. ऑक्टोबर १९८१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने यावर बातमी केली. १९६८ च्या पत्रांत या मालिकेने आम्हाला काय दिले, हे लिहिलेले असे. तेरा वर्षांनंतर तेच लोक स्टुडिओला स्टुडिओच्याच भाषेत सुनावत होते. स्टुडिओने १९७९ मध्ये घेतलेला धडा त्यांनीही घेतला होता.

मेयर यांचे उत्तर कारागिराचे होते. चित्रपटाच्या आरंभीच स्पॉक मरतो. दिवे लागतात आणि कळते की ही सरावातली लुटुपुटीची लढाई होती. ज्या प्रेक्षकाने वर्षभर स्पॉकच्या मृत्यूची धास्ती घेतली तो येथे हसतो, सैलावतो, बातमी खोटी होती म्हणून निर्धास्त होतो. मग शेवटी खरा मृत्यू येतो. चाहत्यांच्या अपेक्षेलाच रचनेचा भाग करण्याचे याहून चांगले उदाहरण मला लोकप्रिय चित्रपटांत आठवत नाही. पहिल्या चित्रपटाच्या जवळपास चौथाई खर्चात झालेला हा चित्रपट ४ जून १९८२ रोजी प्रदर्शित झाला आणि आजही चाहत्यांच्या यादीत बहुधा पहिला असतो. चाचणी-खेळांनंतर, मेयर यांच्या विरोधाला न जुमानता, शेवटी एक दृश्य जोडले गेले : नव्या ग्रहावर हिरवळीत पडलेली स्पॉकची शवपेटी. कॉनन डॉयल यांना होम्सला दरीतून वर काढायला दहा वर्षे लागली होती. स्पॉक दोन वर्षांत परतला.

आपल्याकडे हा सगळा इतिहास वगळूनच मालिका आली. १९८० च्या दशकात दूरदर्शनने जुने भाग दाखवले तेव्हा येथील मुलांना ती ताजी वाटली. बंद पडणे, पत्रे, मशाली, साडेदहा वर्षे यांपैकी काहीच त्यांनी सोसले नव्हते. त्यामुळे ‘मोशन पिक्चर’ पुढे व्हिडिओ कॅसेटवर पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला गोदीतले ते दृश्य केवळ लांबलचक वाटले तर नवल नाही. क्षितिज निराळे होते.

अमेरिकेत मात्र चाहत्याचे चित्र बदलत गेले. डिसेंबर १९८६ मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात कर्कची भूमिका करणारे विल्यम शॅटनर यांनी संमेलनातल्या चाहत्यांना ‘जरा जगायला शिका’ अशा अर्थाचा दम भरणारे प्रहसन केले. त्यात चाहते होते जाड भिंगांचे, आईच्या घरी राहणारे, क्षुल्लक तपशील पाठ केलेले पुरुष. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली ‘टेक्श्चुअल पोचर्स’ या ग्रंथाचा आरंभ याच प्रहसनापासून केला, आणि त्याच वर्षी कॅमिल बेकन-स्मिथ यांचा स्त्री-चाहत्यांवरचा ‘एंटरप्रायझिंग विमेन’ हा ग्रंथ आला. तोवर उशीर झाला होता. ज्यांनी अंक काढले, संमेलने भरवली, शटलला नाव मिळवून दिले, त्या स्त्रिया लोकांच्या मनातल्या चित्रातून पुसल्या गेल्या होत्या. याचा परिणाम पुढे दिसला. मालिका-चित्रपट ‘आमचे’ आहेत आणि त्यात बायकांची नि परक्यांची लुडबुड नको, असे म्हणणारा एक वर्ग गेल्या काही वर्षांत मोठ्या आवाजात बोलू लागला, तो या विस्मरणावरच उभा आहे.

मे १९९९ मध्ये ‘स्टार वॉर्स’चा ‘द फँटम मेनेस’ आला तेव्हा सोळा वर्षांची प्रतीक्षा होती. केवळ झलक पाहण्यासाठी आदल्या नोव्हेंबरात लोकांनी दुसऱ्याच चित्रपटाची तिकिटे काढली होती आणि झलक संपताच काही जण उठून गेले होते. लॉस एंजेलिसमध्ये कित्येक आठवडे आधी रांगा लागल्या. मग जो राग उसळला तो दिग्दर्शकावर थांबला नाही. जार जार बिंक्स हे पात्र साकारणाऱ्या अहमद बेस्ट या नटावर तो इतका कोसळला की त्या काळात आपण आत्महत्येच्या विचारापर्यंत गेलो होतो, असे त्यांनी २०१८ मध्ये सांगितले. त्याच वर्षी ‘द लास्ट जेडाय’मधील केली मेरी ट्रान यांनी अशाच छळानंतर समाजमाध्यमावरचे आपले सर्व लेखन काढून टाकले. रॉबर्ट वाइज यांना ‘अचल चित्र’ ही कोटी सोसावी लागली होती. तेवढ्यावर त्यांची सुटका झाली.

वाइज यांना त्यांचा चित्रपट अखेर पुरा करता आला. २००१ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी अपुरे राहिलेले दृश्यपरिणाम नव्याने करून घेतले, ध्वनी सुधारला, मेघाच्या पोटातला प्रवास थोडा छाटला, आणि बावीस वर्षांपूर्वी करायचे राहून गेलेले संकलन उरकले. गोदीतली जहाजाभोवतीची ती प्रदक्षिणा मात्र त्यांनी जवळपास तशीच ठेवली.